तीनशे चाळीस ग्रॅमचा ट्रक

१

नानासाहेबांनी खोकं उघडलं तेव्हा आत ट्रक सोडून बाकी सगळं होतं. झाकणावर जर्मन बॉनेटवाल्या ट्रकचं रंगीत चित्र होतं, आत पन्नास वर्षं साठलेला वास होता, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या रिकाम्या चौकटींचे तुकडे होते. ट्रकचे सुटे भाग ज्या चौकटींना चिकटून येतात, आणि भाग काढून घेतल्यावर ज्या कचऱ्यात जातात, त्या चौकटी.

निगडी प्राधिकरणातल्या त्या बंगल्याच्या हॉलमध्ये पिंपरी-चिंचवड लघुट्रक मंडळाचे अकराही सभासद होते. एकही जण बोलला नाही. या मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

मंडळाचं काम सोपं होतं. सुट्या भागांची जुनी किटं मिळवायची आणि खऱ्या ट्रकच्या चोविसाव्या हिश्शाएवढे ट्रक तंतोतंत बांधायचे. उभा जन्म मोठे ट्रक बनवण्यात घालवून निवृत्तीनंतर माणसं छोटे ट्रक बनवतात, याला या गावात विरंगुळा म्हणतात. हे १९७५ सालचं किट नानासाहेबांनी तरुणपणी कंपनीच्या ट्रेनिंगला गेले असताना जर्मनीहून आणलं होतं. ते कधी उघडलं नाही, हीच त्याची कीर्ती होती. २०१८ पासून दरवर्षी वार्षिक सभेत खोक्याचं वजन व्हायचं, मग प्रत्येक सभासदाला ते एकदा कानाशी धरून हलवण्याचा मान मिळायचा. आत खुळखुळ वाजायचं. लोक डोळे मिटून ऐकायचे.

यंदा खोक्याला पन्नास वर्षं झाली. ते आता उघडावं आणि मंडळातला सर्वांत चांगला हात असलेल्या फारूक तांबोळीनं बांधावं, असा ठराव दहा विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. ते एक मत अध्यक्ष नानासाहेबांचं होतं. तरी त्यांनी मोठ्या मनानं खोकं दोन आठवडे आधीच फारूककडे पाठवलं. "सवय होऊ दे त्याला," म्हणाले.

आता त्यांनी झाकण सावकाश खाली ठेवलं.

"फारूकभाई," ते म्हणाले, "पन्नास वर्षं हे माझ्या कपाटात होतं. दोन आठवडे तुमच्याकडे होतं. मी पोलिसात जाणार नाही. आपण सुशिक्षित माणसं आहोत. पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे, त्याआधी राजीनामा द्या."

फारूकनं खोक्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. कासारवाडीत त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं आणि ग्रीस त्याच्या नखांतून कधी पूर्ण जात नसे. त्या क्षणी हॉलमधल्या सगळ्यांना ते ग्रीस दिसलं.

"तुकडे माझ्याकडे द्या," मागून आवाज आला. "आणि खोकं आणि त्यावर गुंडाळलेलं प्लॅस्टिकही. नोंदवही माझ्याकडे असते."

या आम्रपाली गजभिव, मंडळाच्या चिटणीस. ट्रकच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं त्यांनी आलेला माल तपासून परत पाठवण्याचं काम केलं होतं.

"त्या कचऱ्यात काय बघणार, आम्रपालीबाई?"

"कचराच बघणार," त्या म्हणाल्या. "चांगला माल कुणीही बघतं."

पिशवी घेऊन त्या बाहेर पडल्या. बंगल्याचं फाटक बाटलीसारखं हिरवं होतं. झोपाळा, पत्रपेटी आणि कुंड्यांचं स्टँडही त्याच रंगाचं होतं. नानासाहेब आयुष्यभर खरेदी खात्यात होते आणि सुटं काही घेण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, त्यामुळे ऑइल पेंटही चार लिटरचा आला होता. बंगल्यातली जी वस्तू हलली नाही, ती हिरवी झाली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्रपालीबाई कासारवाडीला पोहोचल्या तेव्हा फारूक एका टेम्पोचं दार ठोकत होता. खुर्चीवर त्याचे वडील, अजिमचाचा, बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी पुणे-हैदराबाद बॉनेटवाला ट्रक चालवला होता. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते.

"कोण, ट्रकवाल्या ताई का?" चाचा म्हणाले. "आमच्या पोरानं चोरी केली म्हणतात."

"अब्बा, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला दिसत नाही, ऐकू येतं. सगळी गॅरेज लाइन बोलतीय." चाचांनी हात पुढे करून हवेत बॉनेटचा आकार केला. "ताई, हा म्हणला होता, अब्बा, तोच ट्रक तुमच्या हातात देतो. जर्मन असला म्हणून काय झालं, आपल्याकडं तोच तर बनायचा. मी म्हणलं, दे बाबा. डोळे गेले, हात तर आहेत."

फारूकनं हातोडा खाली ठेवला. "ताई, राजीनामा लिहिलाय मी. इज्जत एकदा गेली की काय त्या मंडळात बसायचं?"

"शुद्धलेखन तपासून देते. रविवारपर्यंत खिशात ठेव," आम्रपालीबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे ते गरम हवेचं यंत्र आहे ना? रंग वाळवायचं?"

"हीट गन? आहे की. नानासाहेब तेच सांगत फिरतायत. म्हणे त्यानंच मी प्लॅस्टिक ऊब देऊन सोडवलं, माल काढला, परत चिकटवलं."

आम्रपालीबाईंनी पिशवीतून खोक्यावरचं प्लॅस्टिक काढलं. त्याला एकच जोड होता आणि त्या जोडावर ओळीनं सात हिरवे गोल स्टिकर होते, २०१८ पासून २०२४ पर्यंत, प्रत्येकावर साल आणि त्यांची सही. कारखान्यातली सवय. वजन झालं की जोडावर 'ओके'चा स्टिकर. कोरोनाच्या वर्षी वजन व्हिडिओ कॉलवर झालं होतं आणि स्टिकर रिक्षानं पाठवला होता. रविवारी नानासाहेबांनी कटर चालवला होता तो दुसऱ्या कडेला.

त्यांनी पर्समधून एक कोरा स्टिकर काढला, एका डब्यावर चिकटवला. "सोडव. न फाडता."

फारूकनं आधी नखानं प्रयत्न केला. स्टिकरची रांगोळी झाली. "हे असंच असतं होय?"

"तसाच बनवतात. कुणी काढला तर कळावं म्हणून. आता दुसरा घे, यंत्रानं."

त्यानं हीट गन लावली. स्टिकर आधी पिवळा पडला, मग कडेनं काळा होऊन आक्रसला.

त्या दोघांनी प्लॅस्टिकवरच्या सात स्टिकरांकडे बघितलं. सातही हिरवेगार होते. २०१८ चाही.

"म्हणजे माझ्याकडं असताना उघडलंच नाही," फारूक हळूच म्हणाला.

"तुझ्याकडे असताना नाही. तू मंडळात आलास २०२१ ला. त्याच्याही आधी तीन वर्षं हे कुणी उघडलेलं नाही."

"मग ट्रक गेला कधी?"

आम्रपालीबाई उत्तर देणार होत्या, पण त्यांच्या मनात एक वाईट शंका आली. ती फारूकबद्दल नव्हती. स्वतःबद्दल होती.

३

बुद्धरत्न चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला होता. वय तेहतीस, मंडळातला सर्वांत तरुण, त्यामुळे मंडळातल्या प्रत्येक बिघाडाचा संशय पहिल्यांदा त्याच्यावर जाई. त्याच्याकडे प्लॅस्टिकचे भाग छापायचं थ्री-डी यंत्र होतं आणि ते खोकं न उघडता आतून स्कॅन करू या, असं त्यानं दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा नानासाहेबांनी अशा आवाजात नकार दिला होता, की तिसऱ्यांदा विचारण्यापेक्षा त्याला सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल धुणं बरं वाटलं.

"मॅडम, माझ्यावर डाउट आहे का?" शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर त्यानं विचारलं.

"असता तर चहा तू पाजला असतास. मला एक सांग, हे किट अजून कुणाकडे आहे?"

"जगात? असेल दहा-बाराजणांकडे. इटलीत एक माणूस विकतोय. थांबा." त्यानं मोबाइल काढला. "हे बघा. सीलबंद. लिलावाच्या पानावर फोटो, माप, वजन सगळं टाकलंय. माहितीपत्रकाची पानंही आहेत."

"वजन किती?"

"सातशे नव्वद ग्रॅम, खोक्यासकट."

आम्रपालीबाईंनी नोंदवही उघडली. २०१८: ३४० ग्रॅम, ओके. २०१९: ३४० ग्रॅम, ओके. अशी सात वर्षं. एका ग्रॅमचा फरक नाही. दरवर्षी त्यांनी हा आकडा टाळ्यांच्या गजरात वाचून दाखवला होता.

"च्यायला," बुद्धरत्न म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "सॉरी मॅडम."

"नको. बरोबर शब्द आहे." त्यांनी वही मिटली. "सात वर्षं मी रिकामं खोकं तोलून ओके करत होते. गेल्या वर्षीएवढंच आहे ना, हे बघितलं. जेवढं असायला हवं तेवढं आहे का, हे बघितलंच नाही. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता."

"पण मग आपण सगळे कान लावून काय ऐकत होतो?"

आम्रपालीबाईंनी पिशवीकडे बघितलं. तुकडे खुळखुळले.

४

२०१८ पूर्वी त्या कपाटाच्या किल्ल्या दोन होत्या. एक नानासाहेबांकडे आणि एक तेव्हाच्या चिटणीस डॉक्टर प्राजक्ता यांच्याकडे. चिंचवडला त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि दात कोरायच्याच यंत्रानं त्या ट्रकचे भाग चौकटीतून सोडवत. त्यांच्या ट्रकांना सांधे दिसत नसत. रुग्णांना मात्र ते यंत्र कुठून कुठे जातं हे कधी सांगितलं गेलं नव्हतं.

"किल्ली?" प्राजक्ता हातमोजे काढत म्हणाल्या. "ती त्यांनी माझ्याकडून २०१७ ला काढून घेतली. पाय मोडला होता ना त्यांचा, तीन महिने प्लास्टरमध्ये होते. म्हणाले, घरीच आहे तर किल्ली इकडेच राहू दे. आम्रपाली, तुला माझा संशय येतोय?"

"दोघांचा येतो. दुसऱ्याचं नाव घ्यायला तुझ्याकडून मदत हवी."

"नानासाहेब? स्वतःचंच किट चोरतील?" त्या हसल्या. "अगं, त्यांनी आयुष्यात ट्रक बांधलेला मी बघितला नाही. दुसऱ्यांचे मार्क कापतात फक्त. माझा २०१६ चा तंतोतंत करंडक आठवतो? तोच शेवटचा. त्यानंतर एकही मॉडेल पात्र नाही म्हणे. करंडक त्या लाकडी पेटीत कुलूप लावून कपाटावर ठेवलाय, वर मखमल. फारूकचा टँकर बघून मला रडू आलं होतं, तोही 'वायपर अर्धा मिलीमीटर लांब' म्हणून नाकारला."

"त्या तीन महिन्यांत भेटली होतीस त्यांना?"

"एकदा. मुलगा रिक्षात घालून इथे घेऊन आला. दोन बोटं एकमेकांना चिकटली होती, त्या झटपट चिकटणाऱ्या डिंकानं. दाताचं काही नव्हतं, पण लाजेनं हॉस्पिटलात जाईनात. मी सोडवून दिली."

"कशी चिकटली म्हणाले?"

"चपलेचा अंगठा चिकटवत होते म्हणे."

आम्रपालीबाई खुर्चीतून उठल्या. दारापाशी थांबल्या.

"डॉक्टर, प्लास्टर कुठल्या पायाला होतं?"

"दोन्ही," प्राजक्ता म्हणाल्या, आणि मग त्यांचाही चेहरा बदलला.

५

शनिवारी दुपारी आम्रपालीबाईंनी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. त्यांचे यजमान भीमराज ताट हातात घेऊन उभे राहिले.

"जेवायचं कुठं?"

"ओट्यावर. इथं तपासणी आहे."

त्यांनी तुकडे एकेक करून मांडले. चौकटी कुणीतरी मोडून लहान केल्या होत्या, पण तुटलेल्या कडा एकमेकींना जुळत होत्या. सहा चौकटी पूर्ण झाल्या. ज्या ठिकाणी भाग चिकटलेला असतो तिथे बारीक आकडा कोरलेला असतो. एक, दोन, तीन. त्यांनी भिंग घेतलं, बुद्धरत्ननं पाठवलेलं माहितीपत्रक शेजारी ठेवलं आणि एकशे चौदापर्यंत मोजलं. आकडा न आकडा जुळला.

"काय सापडलं?" भीमराज ओट्यावरून म्हणाले.

"हा दुसऱ्या कुठला कचरा नाही. याच ट्रकच्या चौकटी आहेत. चोरानं भरताड म्हणून कचरा भरला असं आपण समजलो. त्यानं काहीच भरलं नाही. जे उरलं ते परत ठेवलं."

"म्हणजे ट्रक चोरला नाही?"

"नाही. बांधला."

त्यांनी भिंग जवळ नेलं. भाग कटरनं सोडवलेले नव्हते, हातानं पिळून तोडले होते. प्रत्येक तुटल्या जागी प्लॅस्टिक पांढरं पडलं होतं. मंडळात ट्रक बांधणारा कोणताही माणूस असं करणार नाही. त्याआधी तो स्वतःचं बोट तोडेल. आणि चौथ्या चौकटीवर, जिथे बॉनेट असायला हवं होतं, तिथे रंगाचा एक ओघळ होता. घाईनं, भाग न काढताच, मोठ्या ब्रशनं मारलेला.

बाटलीसारखा हिरवा.

६

रविवारी सभा सुरू झाली. फारूक दारापाशी उभा होता, राजीनामा खिशात. अजिमचाचांनाही तो घेऊन आला होता. ते म्हणाले होते, माझ्या पोराला चोर म्हणतील तेव्हा मी तिथं असणार.

"पहिला विषय," नानासाहेब म्हणाले, "राजीनामा."

"त्याआधी नोंदवही," आम्रपालीबाई म्हणाल्या. "माझी चूक आहे, ती आधी वाचते."

त्यांनी सातही वर्षांचं वजन वाचलं. मग इटलीतलं वजन वाचलं. मग त्यांनी स्टिकरांचा प्रयोग सांगितला आणि जळका नमुना फिरवला.

"म्हणजे ट्रक २०१८ च्या सभेआधी गेला. तेव्हा फारूक मंडळात नव्हता, बुद्धरत्नही नव्हता. किल्ली फक्त एका माणसाकडे होती."

"आम्रपालीबाई," नानासाहेब अगदी शांतपणे म्हणाले, "माझीच वस्तू मी कशाला चोरीन?"

"तुम्ही चोरली नाहीत." त्यांनी चादर टेबलावर उलगडली. सहा चौकटी, आकडेवार. "तुम्ही बांधलीत. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, तीन महिने घरात, आणि समोर कपाटात खोकं. भाग हातानं पिळून काढलेत, कारण कटर आणायला कुणाला पाठवलं असतं तर कळलं असतं. रंगही घरात होता तोच लावलात." त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या फाटकाकडे बोट केलं. सगळे वळून फाटक बघू लागले. मग झोपाळा. मग पत्रपेटी. "आणि दोन बोटं चिकटली तेव्हा सांगितलंत, चप्पल दुरुस्त करत होतो. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असताना चपलेची एवढी निकड कुणाला असते?"

"पुरावा म्हणून फाटक दाखवताय?"

"नाही. ट्रक दाखवते. ज्यानं एवढे कष्ट घेतलेत तो माणूस तो टाकून देत नाही. कितीही वाईट झाला तरी. तो असा ठेवतो की आपल्याशिवाय कुणी उघडणार नाही." त्या कपाटाजवळ गेल्या आणि मखमल बाजूला केली. "आठ वर्षं तंतोतंत करंडकाला एकही मॉडेल पात्र ठरलं नाही, नानासाहेब. कारण करंडक द्यायचा तर पेटी उघडावी लागली असती."

मग नानासाहेबांनी जानव्याला अडकवलेली छोटी किल्ली काढली.

पेटीत हिरवा ट्रक होता. काचेवर डिंकाचे ठसे होते, इतके स्पष्ट की अंगठा कुणाचा ते सांगता आलं असतं. एक दिवा वर बघत होता. पुढचं डावं चाक जमिनीला टेकतच नव्हतं.

"फक्त बघायचं होतं," नानासाहेब म्हणाले. त्यांचा सभेचा आवाज गेला होता. "पायाची हाडं जुळेनात, काही सुचेना. वाटलं, एक भाग काढून बघू. मग दुसरा. पन्नास जणांचे मार्क मी कापले असतील. मला काडीचंही येत नाही हे साठी उलटल्यावर कळलं. कुणाला सांगणार?"

"मग फारूकवर का?" प्राजक्तांनी विचारलं.

"ठराव झाला. उघडावंच लागणार होतं. कुणाच्या तरी हातात ते जायला हवं होतं." त्यांनी फारूककडे बघायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. "तुझ्या हाताला ग्रीस होतं."

कुणी काही म्हणायच्या आत फारूक पुढे आला. त्यानं राजीनामा काढून टेबलावर ठेवला नाही. त्यानं ट्रक उचलला, उलटा केला, एक डोळा मिटून खालून बघितलं, अंगठ्यानं दाब दिला.

"चेसिस सरळ आहे," तो म्हणाला.

"काय?" बुद्धरत्न म्हणाला.

"चेसिस सरळ आहे भावा. बाकी सगळं पत्र्याचं काम. रोज याच्याहून वाईट गाड्या येतात माझ्याकडं, पुलाला धडकलेल्या." त्यानं ट्रक नानासाहेबांसमोर धरला. "एक्सिडेंटची गाडी आहे, नानासाहेब. मी घेऊन जातो. दुरुस्त होईल. तुमचं नाव मी कुठं घेणार नाही, पण माझं तुम्ही इथं, आत्ता, सगळ्यांसमोर परत द्या."

नानासाहेब उभे राहिले. अध्यक्षीय भाषणांना त्यांना कधी पाऊण तासाहून कमी वेळ लागला नव्हता. या वेळी एक वाक्य पुरलं. मग ते अजिमचाचांपाशी गेले आणि तेच वाक्य हात जोडून पुन्हा म्हणाले. चाचांना जोडलेले हात दिसले नाहीत. पण आवाज ऐकून त्यांनी मान हलवली.

दुसरा विषय, नवीन अध्यक्ष. प्राजक्तांची निवड चार मिनिटांत झाली.

७

फारूकला अकरा आठवडे लागले. जुना डिंक त्यानं कापसानं आणि सुईनं काढला, हिरवा रंग थर थर उतरवला, काच नवी बनवली. जे भाग पिळताना मोडले होते ते बुद्धरत्ननं छापून दिले. सांधे प्राजक्तांच्या यंत्रानं घासले गेले. त्या दिवशी दवाखाना बंद होता, असं त्यांनी रुग्णांना सांगितलं.

गॅरेजच्या दारात अजिमचाचांच्या मांडीवर फारूकनं ट्रक ठेवला. शेजारी आम्रपालीबाई स्टुलावर बसल्या होत्या.

चाचांची बोटं बॉनेटवरून गेली, सावकाश, गाडी ओळखीच्या घाटात उतरावी तशी. दिवे. जाळी. सगळी चाकं, एकेक दाबून. फळ्या. मग बोटं डाव्या दाराच्या मुठीवर थांबली.

"ही चुकली."

"अब्बा, मूठ बरोबर आहे. पत्रकात अशीच आहे. मिलीमीटर लावून बघितलीय."

"पत्रकात असेल. माझ्या ट्रकला ती नव्हती. क्लीनरच्या बाजूची मूठ सोलापूरच्या पुढं मोडली ती मोडलीच. तारेनं बांधायचो. एकतीस वर्षांत सव्वीस वर्षं तार होती." चाचांनी ट्रक त्याच्याकडे सरकवला. "तू तंतोतंत म्हणला होतास ना?"

फारूकनं आम्रपालीबाईंकडे बघितलं. जगात दहा-बारा उरलेल्या किटांपैकी एकाची पन्नास वर्षांची अस्सल मूठ. त्यांनी फक्त खांदे उडवले. माल ज्याच्यासाठी बनतो, तो सांगेल ते माप.

त्यानं बारीक पक्कड घेतली आणि मूठ मोडली. मग एका जुन्या वायरीतून तांब्याचा केसाएवढा धागा काढला, दाराला दोन वेढे दिले, पीळ मारला. ट्रक परत मांडीवर ठेवला.

चाचांची बोटं पुन्हा दारापाशी आली. तारेवर थांबली. पीळ कुठल्या बाजूला आहे तेही त्यांनी चाचपलं.

"हां," ते म्हणाले. "आता दार लागलं."

आम्रपालीबाईंनी पर्समधून हिरवा गोल स्टिकर काढला आणि त्यावर साल घालून सही केली. लावायला हात पुढे केला, आणि थांबल्या. चष्मा पुसला. ट्रकचं बॉनेट नखानं उघडून त्यांनी आत वाकून बघितलं, इंजिन आहे का ते. मग खाली चेसिसवर स्टिकर चिकटवला.